आतून कडी

मुलुंड मुंबईत गेलं आणि आमच्या आळीतल्या पुरुषांना सुधारणेची हगवण लागली. शब्द घाणेरडा आहे, पण जे सांगायला बसले आहे तेच घाणेरडं आहे, त्याला सोवळ्यातले शब्द कुठून आणू? तोवर आम्ही मुंबईबाहेरचे होतो. कुणी फोर्टात कचेरीला निघालं की "मुंबईला जाऊन येतो" म्हणायचं. मग एक दिवस कुणीतरी नकाशावरची रेघ उचलून आमच्या पलीकडे नेऊन ठेवली आणि आम्ही बसल्या जागी मुंबईकर झालो. आळीतला मातीचा रस्ता तोच, दोन्ही अंगांची उघडी गटारं तीच, तबेल्यातल्या म्हशी त्याच आणि त्यांच्या शेणावरच्या माश्याही त्याच. पण आता आपल्याला डांबरी रस्ता मिळणार, विजेचे खांब मिळणार, जमिनीखालून गटार मिळणार अशी सगळ्यांची खात्री पटली आणि ते मिळवण्यासाठी रस्तासुधार मंडळ निघालं. माझे वडील, अप्पा, त्याचे चिटणीस. त्यामुळे मंडळाची बैठक दर रविवारी सकाळी आमच्याच व्हरांड्यात भरायची.

बैठक म्हणजे आईच्या मागे काम. कांदे चिरायचे, पोहे भिजवायचे, नारळ खवायचा, आणि त्या सगळ्या काकालोकांना पुन्हा पुन्हा चहा. बशा नेऊन द्यायचं काम माझ्याकडे. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होते आणि घरात मला बेबी म्हणत. बेबीच्या कानांवर काय पडतंय याची कुणाला पर्वा नव्हती. पोह्यांचा घास तोंडात, मिशीला खोबरं लागलेलं, आणि विषय काय, तर रस्त्याकडेला उघड्यावर कोण बसतं, कुठे बसतं, सकाळी किती वाजता बसतं. इतकं बारीक वर्णन की ऐकणाऱ्याला वाटावं हे लोक मुद्दाम बघायला जातात की काय. वर पुन्हा नाकाला रुमाल. आणि यांच्या स्वतःच्या घरांमागे काय होतं? प्रत्येक परसाच्या टोकाला टोपलीचा संडास. दोन-तीन पायऱ्या चढून वर जायचं, लाकडी दार लावायचं, आत फरशीला भोक आणि खाली टोपली. ती टोपली मागच्या बोळातून रोज कुणीतरी येऊन डोक्यावरून उचलून न्यायचा. त्या माणसाचं नाव आळीत एकालाही ठाऊक नव्हतं. त्याची चाहूल लागली की खिडक्या मिटत. आपली घाण दुसऱ्याच्या डोक्यावर चढवली की ती घाण राहत नाही, असा काहीतरी समज असावा. पोहे मात्र छान व्हायचे, हे कबूल केलं पाहिजे. आईच्या हातची ती चव पुन्हा कुठे मिळाली नाही.

आमचं घर बैठं, कौलारू. पुढे व्हरांडा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक अंधारी खोली. तिला एकच दार आणि छताजवळ हातभर झरोका. तिचं नाव बाळंतिणीची खोली. मी आणि माझे दोघे भाऊ त्याच खोलीत जन्मलो. आमच्यानंतर आईला मूल झालं नाही, म्हणून त्या खोलीत कोळशाची पोती, लोणच्याच्या बरण्या आणि मोडकी खुर्ची जाऊन बसली, पण नाव तेच राहिलं. "बेबी, बाळंतिणीच्या खोलीतून कोळसे आण." परसात विहीर, केळीचं बन, आणि टोकाला तो संडास. दुपारी डोंगराकडच्या खाणीत सुरुंग उडाला की फडताळातली भांडी किणकिणायची. पण त्या घराचा म्हणून जो आवाज आजही माझ्या कानात आहे, तो संडासाच्या कडीचा. जाड लोखंडी आडवी कडी, गंजलेली. सरकवली की आधी किरकिरायची आणि मग खट्ट करून बसायची. स्वयंपाकघरात बसून ऐकू यायचं. घरात कोण कधी आत गेलं ते सगळ्यांना कळायचं आणि कुणी त्यावर बोलायचं नाही.

तर गटाराचं काम मंजूर झालं आणि सिमेंटचे मोठाले पाइप आले. आळीच्या एका अंगाला ओळीने टाकून ठेवले. माणूस कमरेत वाकून आत शिरेल एवढे. खणायचं काम कधी सुरू होणार ते कुणालाच माहीत नव्हतं, पण खणणारे मात्र पाइपांबरोबरच आले. देशावरची माणसं, पाऊस दडी मारून बसलेल्या गावांतली. ठेकेदाराने त्यांना आणलं आणि राहायचं कुठे विचारल्यावर पाइपांकडे बोट दाखवलं. झालं. एकेका पाइपात एकेक संसार. एका तोंडाला गोणपाट, दुसऱ्या तोंडाला तीन दगडांची चूल. मंडळातल्या लोकांचं पित्त खवळलं. रस्ता सुधारायला आलेला पाइप म्हणजे आळीची शान, आणि त्यात ही माणसं. ज्यांच्या हातांनी यांचं गटार व्हायचं होतं तीच माणसं यांना गटारासारखी वाटत होती. बैठकीत ठराव झाला की ठेकेदाराला सांगून लोकांना हलवावं. ठेकेदार म्हणाला, हलवतो, पण मग काम कोण करणार? दुसऱ्या रविवारी पुन्हा तोच ठराव, पुन्हा पोहे.

आमच्या घरासमोरच्या पाइपात पारू राहायची. माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी, काळीसावळी, हनुवटीवर गोंदलेलं. नवरा खणायला आलेला, ही घमेली उचलायला. दिवस गेलेले होते आणि ते चांगले दिसायला लागले होते. ती आमच्या विहिरीवर पाण्याला यायची. एकदा आईने तिला विचारलं, की बाई, तू या अवस्थेत उघड्यावर जातेस कुठे? पारूने खाली बघत सांगितलं की उजाडायच्या आधी जाते, नाहीतर दिवसभर कळ काढते. अप्पा कचेरीत गेल्यावर आईने पारूला हाक मारली, परसाच्या टोकाकडे बोट केलं आणि म्हणाली, "दुपारी येत जा. कुणाला सांगू नकोस." तेव्हापासून रोज दुपारी, खाणीचा सुरुंग उडून गेला की, परसातून तो आवाज यायचा. किर्र, खट्ट. पारू आत गेली की लवकर बाहेर यायची नाही. मी एकदा वैतागून आईला म्हटलं, ती काय तिथे झोपते की काय? आईनेही तिला विचारलं असावं, कारण एके दिवशी विहिरीवर पारू हसत सांगत होती, "वास येतोय ओ बाई, पर आतनं कडी लागती न्हवं. पायपाला दोन्हीकडनं तोंड. निजलं तरी कुणीतरी वाकून बघतंय. कुत्रं तरी, न्हाईतर माणूस."

आळीत एकच मोटार होती, ती डॉक्टरांची, आणि ती चालत नव्हती. चाकं काढून विटांवर उभी केलेली, गॅरेजात, कापडाच्या झुलीखाली. डॉक्टरांच्या बायकोचं नाव कमलताई. गोऱ्यापान, ठसठशीत कुंकू, बोलायला लागल्या की समोरच्याने फक्त मान हलवायची. महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. त्यांनी दादरला कुठेतरी समाजसेवेवर व्याख्यान ऐकलं आणि परत येताना डोक्यात किडा घेऊन आल्या. पाइपातल्या त्या पोटुशीचं आपण डोहाळजेवण करायचं. आजवर कुणी केलं नसेल असं काहीतरी. बायका आधी गांगरल्या, मग हरखल्या. पुरुष बैठका भरवतात, आम्ही प्रत्यक्ष करून दाखवतो, असा एक तोरा आला. मंडळाच्या पैशातून हिरवी साडी आली, हिरव्या बांगड्या आल्या. कुणी नारळीभात करणार, कुणी वांगीभात, कुणी चिंचेचं सार, कुणी मुगाचे लाडू. कमलताईंच्या सुनेलाही त्याच सुमारास दिवस गेले होते, तिच्या डोहाळजेवणाची ही जणू रंगीत तालीम.

समारंभ डॉक्टरांच्या व्हरांड्यात झाला. आत नाही, व्हरांड्यात. तेवढं भान कुणाचंच सुटलं नव्हतं. वेताच्या खुर्चीला शेवंतीच्या माळा गुंडाळून तिच्यावर पारूला बसवली. हिरवी साडी, मुंडावळ्यांसारखी कपाळावर फुलं, गजरा, हातांत फुलांच्या वाक्या. ती इतकी अवघडून बसली होती की खुर्चीच्या पाठीला पाठ टेकत नव्हती. बायकांनी ओवाळलं, पाळण्याची आणि डोहाळ्यांची गाणी म्हटली. कमलताईंच्या भाच्याने कॅमेरा आणला होता. प्रत्येकीला पारूशेजारी उभं राहून फोटो हवा होता, फक्त मध्ये हातभर अंतर सोडून. झाकलेल्या दोन वाट्या पुढे ठेवल्या. पारूने एक उघडली, आत पेढा निघाला, म्हणजे मुलगा, म्हणून टाळ्या पडल्या. मग पानं वाढली. आम्हाला ताटं, तिला पत्रावळ. मला त्या नारळीभाताचा वास आजही नको होतो, पण त्या दिवशी मी तो मागून मागून खाल्ला, खोटं कशाला बोलू.

पानं वाढणं चालू असतानाच कमलताईंनी रीतीप्रमाणे विचारलं. आता हा प्रश्न विचारायचाच असतो आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. पोटुशी लाजते, बायका आग्रह करतात, मग ती चिंच म्हणते, कैरी म्हणते, फार तर चांदण्यात बसून दूधभात म्हणते. जे मागेल ते पुरवायचं. पोटुशीचे डोहाळे अपुरे राहिले तर मुलाची लाळ गळते आणि विचारून न पुरवणाऱ्याला दोष लागतो, हे आमच्यात लहान पोरीलाही माहीत. कमलताई पारूपुढे वाकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सांग पारू, कसले डोहाळे लागलेत तुला? लाजू नकोस, मागशील ते मिळेल."

पारू लाजली नाही. तिने प्रश्न खरा धरला. एवढ्या बायका, एवढी फुलं, म्हणजे खरंच विचारत असणार असं तिला वाटलं. ती थोडा विचार करून म्हणाली, "मला खोलीत बाळंत व्हायचंय. चार भिती, आन् दार. आतनं कडी लागंल असं."

हातात वाढायचं भांडं घेतलेली एकजण तशीच उभी राहिली. मग कुणीतरी खुदकन हसलं, कुणीतरी म्हणालं की अगं खायचं सांग, खायचं. पारू म्हणाली, खायाचं हाय की हितं समदं. कमलताईंनी घाईघाईने दुसरं गाणं सुरू केलं. मी आईकडे बघितलं. आई पारूला सार वाढत होती आणि वाढतच राहिली, पत्रावळीवरून खाली ओघळेपर्यंत.

त्यानंतरचे काही दिवस आळीने जे काय केलं ते आठवलं तरी मला थुंकावंसं वाटतं. सगळ्यांना घोर लागला. पारू बाळंत कुठे होणार याचा नाही. दोष कुणाला लागणार याचा. विचारलं कमलताईंनी, आणि त्यांची सून पोटुशी. त्यांची झोप उडाली. मग चर्चा. डॉक्टरांचं गॅरेज? नाही, गाडीची झूल खराब होईल. म्हणजे न चालणाऱ्या गाडीला छप्पर हवं होतं. मंडळाच्या वाचनालयाची खोली? पुस्तकांना विटाळ. कुणाच्या घरी सोवळं, कुणाच्या घरी सासू, कुणाच्या घरी भाडेकरू. जिच्या घरी यांतलं काहीच नव्हतं तिच्या घरी मांजर होती. आणि हे सगळं सांगताना प्रत्येकीचा सूर असा, की माझं काय गं, मी दिली असती, पण. त्या "पण"च्या पुढे कुणीच कधी गेलं नाही.

आईने विचारलं. एवढं श्रेय तिचं. अप्पा संध्याकाळी झोपाळ्यावर बसले होते, तिने पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली की आपली बाळंतिणीची खोली रिकामीच आहे, कोळसे बाहेर काढले की झालं, दहा-बारा दिवसांचा तर प्रश्न. अप्पा शांत माणूस, कधी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, मी मंडळाचा चिटणीस. रविवारी ज्यांना हलवायचा ठराव लिहितो त्यांनाच सोमवारी घरात घेऊ? उद्या सगळे पाइप आपल्या परसात येतील. हे घर आहे, धर्मशाळा नाही. आई म्हणाली, मग विचारलं कशाला तिला? तेव्हा अप्पांनी ते वाक्य उच्चारलं. "त्यात एवढं काय? शास्त्रात सगळ्याची सोय आहे."

सोय होती. पूजेला वस्त्र नसेल तर भटजी म्हणतात ना, वस्त्रार्थे अक्षतां समर्पयामि, आणि चिमूटभर तांदूळ वाहिले की देवाला वस्त्र मिळालं. दागिने नाहीत? अलंकारार्थे अक्षतां. देव मुकाट घेतो. अप्पांनी ही तोड सुचवली, कमलताईंनी ती उचलून धरली, भटजींनी पंचांग न उघडताच होकार दिला, आणि रविवारच्या बैठकीत सगळ्यांनी अप्पांच्या बुद्धीचं कौतुक केलं. त्याच दिवशी सगळी वरात आमच्या घरासमोरच्या पाइपाशी गेली. भटजी नाकाला उपरणं लावून उभे. पारूला बाहेर बोलावून पूर्वेकडे तोंड करून बसवलं, पदर पसरायला सांगितला. कमलताईंनी कुंकू लावलेले तांदूळ मुठीत घेतले. भटजी म्हणाले, "गृहार्थे अक्षतां समर्पयामि," आणि तांदूळ पारूच्या पदरात पडले. घर देऊन झालं. कमलताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, मी ऐकला.

पारूला कळेना. तिने पदरात बघितलं आणि आईला विचारलं, हे कशाचं? आईने मान फिरवली, म्हणून मीच म्हणाले, की हे खोलीच्या ऐवजी. ती माझ्याकडे बघत राहिली. चेष्टा आहे का, याचा अंदाज घेत असावी. मग उठली आणि आत गेली. संध्याकाळी तिने ते तांदूळ कुंकू जाईपर्यंत धुतले आणि चुलीवर ठेवले. भाताला लाली राहिलीच थोडी.

आता मी त्याच आळीत अकराव्या मजल्यावर राहते. आमची कौलं, विहीर, केळी सगळं पाडून हा टॉवर उभा राहिला. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांची चित्रं येतात आणि त्यांच्याखाली पुलाखाली झोपणाऱ्या लोकांचे फोटो. कुणीतरी लिहितं, वाट लागली आपल्या एरियाची यार. कुणीतरी लिहितं, त्यांच्यासाठी काहीतरी करायला पाहिजे, आणि दोन हात जोडल्याचं चित्र टाकतं. ते जोडलेले हात बघितले की मला कमलताईंची मूठ दिसते. तांदळाचे पैसेही आता लागत नाहीत, फुकटात काम होतं. माझी सून म्हणते, आई, तुम्ही ग्रुप म्यूट करा ना. करते म्हणते मी, पण करत नाही. किळस यायला तरी काहीतरी लागतं ना माणसाला.

तर त्या तांदळांनंतर काही दिवसांतच गटाराच्या कामाचं उद्घाटन ठरलं. म्युनिसिपालिटीचा कुणी बडा माणूस येणार, पहिली कुदळ मारणार. आळीच्या तोंडाशी मांडव, पताका, लाउडस्पीकर. पुरुष कोट घालून, बायका रेशमी नेसून दुपारपासून तिकडे. आई घरीच, कारण पाहुण्यांचे बटाटेवडे आमच्याकडे. कढईत वडे, ओट्यावर चटणी, आणि मी परातीत वडे भरून मांडवात पोचवत होते. एक फेरी करून परत आले तेव्हा आई झारा हातात धरून थांबली होती. परसातून आवाज आला होता. किर्र, खट्ट. पण त्याच्यामागून दुसरा आवाज येत होता, दाबलेला, गुरासारखा.

आई कढई चुलीवर तशीच सोडून धावली. मी मागे. संडासाच्या पायऱ्यांवर पाणी सांडलेलं होतं आणि ते नुसतं पाणी नव्हतं. आईने दार ठोठावलं. "पारू, कडी काढ. अगं मी आहे."

आतून श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "न्हाई काढायची."

आई म्हणाली, अगं वेडे, इथे नको, घाण आहे, घरात चल, मी खोली उघडते. पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, खोली उघडते, खोली उघडते. लाउडस्पीकरवरून अप्पांचा आवाज येत होता, की आज आपली आळी घाणीतून बाहेर पडत आहे. पारू आतून ओरडली, "आता न्हाई. कुणीबी असा." आई दाराला कपाळ टेकून उभी राहिली. मला म्हणाली पाणी तापव, अप्पांचं दाढीचं नवं ब्लेड आण. मी सगळं आणून पायऱ्यांवर ठेवलं. मला तिथून पळून जायचं होतं. संडासाचा वास, रक्ताचा वास, स्वयंपाकघरातून येणारा करपलेल्या तेलाचा वास. मी केळीत जाऊन ओकले आणि परत येऊन उभी राहिले. टाळ्या वाजल्या, पहिली कुदळ पडली असावी. मग आतून मूल रडलं. मुलगी होती. बऱ्याच वेळाने कडी सरकली.

पारू भिंतीला टेकून बसली होती. हिरवी साडी तिने फरशीवर अंथरली होती, त्या भोकावरून, दुमडून दुमडून. महिला मंडळाची साडी. आईने नाळ कापली, दोघींना पुसलं आणि पारूच्या काखेत हात घालून म्हणाली, चल आत. पारूने मान हलवली. "आता कशाला?" एवढंच. ती बाळाला घेऊन आमच्या घराच्या कडेने, भिंतीला हात लावत लावत, पाइपात गेली. आईने पेज दिली, डिंक दिला, शेकाला कोळसे दिले, बाळंतिणीच्या खोलीतलेच.

बातमी काय लपते? दुसऱ्या दिवशी सगळी आळी आमच्याकडे. आमच्याच संडासात म्हटल्यावर अप्पांचं तोंड काळवंडलं. कुणाला वाटलं आमच्यावर संकट आलं म्हणून कीव करावी, कुणाला वाटलं गोमूत्र शिंपडावं. बैठकीत ठराव झाला, हा मात्र तातडीने अमलात आला, की प्रत्येक घराने संडासाला बाहेरून कुलूप घालावं. आणि कमलताई. त्या व्हरांड्यात उभ्या राहून, खरंच समाधानाने, आईला म्हणाल्या, "चला वहिनी, एका अर्थी बरंच झालं. चार भिंती, दार, आतून कडी. डोहाळे पुरले तिचे एकदाचे. आता दोष नाही कुणाला." माझ्या आयुष्यात मी पुष्कळ घाण बघितली, मुंबईत राहून ती चुकत नाही. पण त्या वाक्याइतकं घाणेरडं काही माझ्या नाकातोंडात गेलेलं नाही.

काम भराभर पुढे सरकलं. एकेक पाइप मातीत गेला, तसतसे संसार उठले. पारूचा पाइप शेवटी शेवटी उतरवला. पुढचं काम मानखुर्दला होतं. ठेकेदाराची लॉरी आली त्या सकाळी आई ताट घेऊन बाहेर आली. लेकुरवाळीला ओटी भरल्याशिवाय पाठवायचं नाही म्हणून. ताटात खण, नारळ, हळदकुंकू आणि तांदूळ. पारू लॉरीशी उभी होती, मूल झोळीत. आईने कुंकू लावलं, तिने लावून घेतलं. आई म्हणाली, पदर धर. पारूने पदर धरला, मग तिची नजर ताटात गेली आणि तिने पदर हळूच मागे घेतला.

"तांदूळ नगं, बाई," ती म्हणाली. "तांदूळ झालं देऊन." रागाने नाही. पोट भरल्यावर माणूस म्हणतो तसं. मग नवऱ्याने तिला हात दिला आणि ती वर चढली.

आई ताट घेऊन तशीच घरात आली. स्वयंपाकाला लागली. वरण, भाजी, कोशिंबीर, सगळं रोजच्यासारखं, भातही. अप्पा जेवायला बसले, आचमनाचं पाणी हाताशी घेतलं आणि भातासाठी हात आखडून बसले. मी शेजारच्या पाटावर. आईने चूलखंडावरून ते सकाळचं ताट उचललं, त्यातली कुंकवाने लाल झालेली तांदळाची चिमूट घेतली आणि अप्पांच्या पानात, जिथे भाताची मूद असते तिथे, ठेवली. "भातार्थे," ती म्हणाली, "अक्षतां समर्पयामि."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग पानाकडे. तिने माझ्या पानात वाफाळता भात वाढला, वर वरण घातलं, तुपाची धार सोडली आणि मला म्हणाली, जेव बेबी, निवेल. मी जेवले. अप्पा हात आखडून तसेच बसून होते, आणि आई पातेल्यावर झाकण ठेवून परसात निघून गेली.